शिडाची सैल कड

दादा, तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून आम्ही हात जोडतो न जोडतो तोच तो माडावरून उतरला आणि भातात चोच घालून मोकळा झाला. सगळ्यांना बरे वाटले. "बाबलाची काय एक इच्छा मागे रवली नाय," शेजारचे दाजीकाका म्हणाले, आणि मंडळी सुटका झाल्यासारखी चहाकडे वळली. मला मात्र तुझा असा राग आला म्हणून सांगू! इच्छा राहिली नाही कशी? आपले भांडण अर्धे पडले होते. "कापणी होवंदे गो, मगे बोलूया," असे तूच म्हणाला होतास. कापणी झाली. तू राहिला नाहीस, आणि त्या मेल्या कावळ्याला त्यात काहीच अडचण वाटली नाही.

आपली सगळी भांडणे केतकीवरूनच व्हायची. माझी एकुलती एक लेक, तू तिचा मामा. मी तिला घरात ओढणार, तू समुद्रात, विंडसर्फिंगला. तिचे बाबा मुंबईला नोकरीत, गणपतीला आणि शिमग्याला येऊन दोघांचेही बरोबर म्हणून जाणारे. त्या दिवशी तुझ्या शेडमध्ये मी तुला स्पष्ट सांगितले, "दादा, हा हंगाम शेवटचा. तिचे कॉलेज संपत आले. बोर्ड, शिडे, काय असेल ते विकून टाक." तू शिडाच्या खिशात पट्टी सरकवत होतास. वर बघितलेसुद्धा नाहीस. मी चिडून आणखी बरेच बोलले, तेही ऐकून घेतलेस आणि कापणीचे नाव पुढे केलेस. मला वाटले, टाळतो आहेस. अजूनही वाटते.

मी भित्री आहे हे साऱ्या आचरा गावाला ठाऊक आहे. शाळेत मुलांना कोकण किनाऱ्याचा भूगोल तोंडपाठ सांगते आणि स्वतः घोट्याच्या वर पाण्यात कधी गेलेली नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात; माझा तर माझ्या पानाला पान लावून जेवायला बसतो. वारा पडला तरी भीती, वाढला तरी भीती. केतकी लहानपणी तुझ्याबरोबर बोर्डावर उभी राहायला शिकली, तेव्हा मी किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून बसायचे आणि तुला विचारत राहायचे, "दिसतेय ना रे? दिसतेय ना?" तू वैतागून म्हणायचास, "मान फिरव आणि बग!" एवढी साधी गोष्ट मला जमत नसे.

तू गोव्याला बोर्ड भाड्याने देणाऱ्यांकडे कामाला होतास, तिथेच हे सगळे शिकलास. परत आलास तो टेम्पोच्या टपावर लांबच लांब पिशव्या बांधून. आईला वाटले मंडपाचे बांबू आणलेस, कुणाचे लग्न ठरले म्हणून ती आनंदली. पिशवीतून निघाली काळी, वजनाला अगदी हलकी डोलकाठी आणि आरपार दिसणाऱ्या कागदासारखे शीड. शर्यतीचे शीड. आमच्याकडे शीड म्हणजे जुन्या होडीचे, जाडजूड कापडाचे. हे बघून दाजीकाका म्हणाले होते, "ह्या वाऱ्यार टिकात? ह्याका तर कोंबडो फाडीत." काकांनी तरुणपणी शिडाच्या होड्या वेंगुर्ल्यापर्यंत नेल्या होत्या, त्यामुळे त्यांचे मत वजनदार. त्यांच्यासमोर तू कधी वाद घातला नाहीस. मीही तेव्हा काकांच्याच बाजूची होते.

मग तू माडावरून पडलास, उजवा खांदा कायमचा दुखरा झाला आणि शीड ताणायला तुला दुसरे माणूस लागू लागले. ते माणूस मी. कशी झाले, देव जाणे. "वायच हात लाव गो," एवढेच म्हणाला होतास. त्या जराशा 'वायच'ची वर्षे झाली. शनिवारी शाळा सुटली की साडीचा पदर खोचून मी तुझ्या शेडमध्ये. डोलकाठी शिडाच्या बाहीत सरकवायची, आडव्या पट्ट्या बसवायच्या, मग बुंध्याशी कप्प्यांमधून फिरवलेली दोरी ओढायला लागायचे. तू वाळूत बसून बुंध्याला पाय लावायचास, मी मागून तुझ्या कमरेला धरून रेटा द्यायचे. दोरी जशी ओढावी तशी डोलकाठी वाकत जाते, शिडाचा पुढचा भाग ताठ होतो आणि वरची मागची कड मात्र सैल पडून लोंबायला लागते. चुण्या पडतात. बघणाऱ्याला वाटावे, शिंप्याने कापड वाया घालवले.

त्या कडेवरून मी तुझे डोके किती खाल्ले! "एवढे महागाचे शीड आणि वरचा भाग असा गबाळा? ओढून घे की जरा." तू म्हणायचास, "वाऱ्याचो झोत इलो काय तो थयसून भायर पडता. कड ताठ ठेवलंस तर तो खंय जातलो? चेडवाच्या, आपल्या केतकीच्या हातात." मला ते पटायचे नाही. पटायचे नाही म्हणण्यापेक्षा, ऐकवायचे नाही. कारण कड सैल पडायची तर दोरी आणखी ओढायला हवी, आणि दोरी आणखी ओढली की ती डोलकाठी अशी कण्हते की मी डोळे मिटून घ्यायचे. माझा जीव म्हणायचा, पुरे, मोडेल. तू म्हणायचास, आणखी. घाबरून कमी ताणले की शीड फुगलेले राहते, आणि जोराच्या वाऱ्यात तेच शीड माणसाला उचलून पुढे आपटते. म्हणजे भीती वाटली म्हणून हात आखडता घ्यावा, तर जिची भीती तीच गोष्ट व्हायची. हा कसला न्याय, दादा? घरात असे नसते. घरात घाबरून गॅस बंद केला तर गॅस बंद होतो.

आपटलेले मी एकदा बघितले आहे. त्या दिवशी नेमकी मान फिरवली होती. केतकी बारावीत होती, वारा अचानक वाढला आणि ती पुढच्या बाजूने उडाली. कमरेचा हूक दोरीत अडकलेला, वर शीड, खाली ती. पाण्यावर फक्त ते चकचकीत शीड पसरलेले दिसत होते. तू धावत पाण्यात शिरलास. मी तिथेच बसले, मला ओरडतासुद्धा येईना. मग शिडाच्या बाजूने तिचे डोके वर आले आणि ती हसत होती, गाढव. घरी येऊन मी तिला मारले. एवढ्या मोठ्या मुलीला. तू मधे पडला नाहीस, ते बरे केलेस.

त्यानंतर तू शेवटच्या ओढीआधी देवाला गाऱ्हाणे घालायला लागलास. आधी मला वाटले चेष्टा करतोस. पण तू देवळातल्यासारखा ताठ बसून, खणखणीत आवाजात, "बा देवा रामेश्वरा म्हाराजा, ह्या चेडू आज वाऱ्यार जाता, जसा न्हेतंस तसा परत हाडून दी रे म्हाराजा!" आणि मी आणि केतकी, आणि आसपास जो कोण मासे, जाळी, चहा घेऊन उभा असेल तो, "व्हय म्हाराजा!" त्या 'व्हय म्हाराजा'वर दोरी ओढायची. रापणीचे जाळे ओढतात तसा सगळ्यांचा जोर एका वेळी यायचा आणि डोलकाठीचे कण्हणे त्या आवाजात बुडून जायचे. पर्यटक मोबाइल काढून उभे राहायचे. मुंबईचा एक जण तर विचारत होता, हा कुठला मंत्र? तू त्याला शांतपणे म्हणालास, "तांत्रिक बाब आहे." ऑफिसातली मराठी खास अशा लोकांसाठी राखून ठेवलेली.

आणि केतकी पाण्यात उतरली रे उतरली की तू माडांच्या मागे जायचास. दर वेळी. मी टोमणे मारायचे, "म्हातारा झालास, डॉक्टरला दाखव, एवढे धरवत नाही?" तू हात झटकून निघून जायचास. मला तुझे हसू यायचे.

तुझे जाणे मी इथे लिहिणार नाही. इतकेच लिहिते की इतकी वर्षे मी समुद्राच्या तोंडावर पहारा दिला आणि तुला नेले भाताच्या खाचरातल्या चिखलाने. पायाला विळ्याची जखम, त्यात ते घोट्याएवढे पाणी, मग ताप. "थंडी भरली," म्हणालास. मीच तुला कढी-भात दिला आणि म्हटले, झोप, उतरेल. लेप्टो, त्या चिखलातल्या तापाचे नाव, आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आरोग्यवाले शाळेत येऊन सांगून जातात, मी स्वतः फळ्यावर लिहून दिले आहे. पण मला जमिनीची भीती कधी वाटलीच नव्हती. आता वाटते. आता मी अंगणातल्या डबक्याकडेही बघत राहते. ब्रह्मराक्षसाला एक जोडीदार मिळाला म्हण.

तेरावे झाल्यावर केतकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आये, मालवणाक शर्यत आसा. मी उतारतंय." "शीड तू ताणूचा," ती म्हणाली. विचारले नाही, सांगितले. हे तुझ्याकडून उचललेले. मी म्हटले, मला नाही जमायचे, दुसऱ्या कुणाला सांग. ती म्हणाली, "तू नसलंस तर मी एकटीच ताणतलंय." झाले.

तर कालची गोष्ट. मालवणातला चिवल्याचा किनारा, दुपार. बाहेर समुद्रात कुठेसा कमी दाबाचा पट्टा होऊन गेला होता. इशारा मागे घेतला होता, होड्याही पुन्हा समुद्रात गेल्या होत्या, पण वारा अजून ठिकाणावर नव्हता. पडायचा, आणि मग एकदम अंगावर यायचा. दाजीकाका आमच्याबरोबर आले होते. "पोरीचो मामा नाय, कोणतरी बाप्यामाणूस व्हयो," म्हणाले. शीड आम्ही तिघांनी उभे केले. मी तुझ्यासारखे वाळूत बसून ओढले, केतकी मागून. कड वरून सैल पडत गेली, तू थांबायचास तिथपर्यंत, मधल्या पट्टीच्या जरा वर. मी थांबले. गाऱ्हाणे घातले नाही. ते तुझे होते, आणि बायका कुठे घालतात? आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्या. गुपचूप ओढले, कण्हणे सगळे ऐकू आले, आणि मी घामाघूम झाले.

केतकी नाव नोंदवायला गेली आणि मी चहा आणायला. पण भित्रे माणूस कुलूप लावल्यावरही दहादा ओढून बघते. चहा अर्धा टाकून मी परत आले, उगाच, शीड बघायला. आणि शीड सुंदर दिसत होते. चुणी नाही, लोंबणे नाही, कड अशी ताठ की इस्त्री केल्यासारखी. क्षणभर मला बरे वाटले, दादा. इतकी वर्षे जे बघायला मिळाले नव्हते ते दिसत होते. मग मी मधल्या पट्टीच्या वरची कड चाचपून बघितली.

दाजीकाका बाजूला उभे होते, हात झाडत, समाधानी. "शीड फडफडत होता गो," ते म्हणाले. "बगणारे काय म्हणतले? बाबलाची भाची आणि असा शीड? म्हणान वायच ताठ केलंय."

"काका, तुमी खंयची दोरी सोडलास?"

"खालची. हातभर. आणि मागची ओढून घेतलंय."

त्यांचा चेहरा बघून मला ओरडवेना. त्यांच्या होडीवर कड फडफडणे म्हणजे नाखवा झोपला. त्यांनी आपल्या परीने तुझी अब्रू राखली होती. तेवढ्यात पहिला भोंगा वाजला आणि केतकी धावत आली. तिने शिडाकडे बघितले, माझ्याकडे बघितले. पाण्यावर एक झोत काळपट पसरत आला आणि तंबूची कनात उडाली.

"येळ नाय, आये. असाच जातंय. सांभाळून घेतंय."

तुला खरे सांगते, माझ्या मनात काय आले ते. आयते निमित्त हातात आले होते. "शीड बिघडले, राहू दे आज," एवढे म्हटले की झाले. आपले भांडण मी तिथेच जिंकले असते, आणि तू उलट बोलायला नव्हतास. पण ती थांबणार नव्हती. ते ताठ, फुगलेले शीड घेऊन ती त्या वाऱ्यात गेली असती, हसत, गाढव. मला तिला अडवता येत नव्हते. फक्त ती कशाच्या जिवावर जाणार एवढे माझ्या हातात होते.

"सोड ती दोरी," मी म्हटले. "परत ताणूया."

मी वाळूत बसले. पाय लावला. काका एका बाजूला, केतकी मागे. दोरी ओढत गेलो, काठी वाकत गेली आणि कण्हायला लागली. कड अजून पुरती सुटली नव्हती. वारा मघापेक्षा जास्त होता, म्हणजे सैलपणा मघाच्या खुणेच्याही खाली यायला हवा होता. केतकीच मागून म्हणाली, "आये गो, मोडात!" माझे हात तिथेच गोठले. आणि कसे कोण जाणे, माझ्या तोंडून मोठ्याने निघाले, "बा देवा रामेश्वरा म्हाराजा!" माझा आवाज मला ओळखू आला नाही. चौथीच्या वर्गावर ओरडतानाही तो एवढा चढत नाही. "ह्या चेडू वाऱ्यार जाता, जसा न्हेतंस तसा परत हाडून दी रे म्हाराजा!" दाजीकाका चकित होऊन माझ्याकडे बघत होते, पण तोंड त्यांचे आपसूक उघडले. "व्हय म्हाराजा!" शेजारच्या शिडावर काम करणारी दोन अनोळखी पोरेही म्हणाली, "व्हय म्हाराजा!" आणि आम्ही ओढले. काठी मोडली नाही. कड हळूच सुटली आणि लोंबायला लागली, गबाळी.

केतकी बोर्ड घेऊन पाण्यात गेली. काकांनी पागोट्यासारखा बांधलेला टॉवेल सोडून तोंड पुसले. ती दूर गेली, शीड उभे राहिले, एक झोत आला, वरची कड थरथरून मागे उघडली आणि ती तशीच पुढे निघून गेली. मी बघत होते, मान फिरवून, पूर्ण. आणि मग माझे पाय मला माडांच्या मागे घेऊन गेले. धावत नव्हे, तुझ्यासारखेच, काही विशेष नाही असे दाखवत. तिथे एका बुंध्याला धरून मी ओकले. अर्धा चहा, सकाळची पेज, सगळे. घशात कडू येईपर्यंत.

आणि तेव्हा मला कळले, दादा. कुणी सांगितले नाही, तिथे उभी राहिल्यावर कळले. तू दर वेळी कशासाठी माडांमागे यायचास. थंडीच्या दिवसातही तुझा सदरा पाठीवर का चिकटलेला असायचा. ती उडाली त्या दिवसानंतरच तुला एकाएकी देव का आठवला, आणि त्याला एवढ्या मोठ्याने हाका माराव्या का लागायच्या. मी तुला बेफिकीर म्हणायचे. "तुझी पोर असती तर कळले असते," असेही एकदा म्हटले, आणि तू हसलास. अरे, एकदा तरी म्हणायचेस ना. आपण दोघे बुंध्याला धरून उभे राहिलो असतो.

म्हटले नाहीस, कारण मी तिला घरी नेले असते. हे मला आत्ता लिहिताना सुचते आहे. आणि मग कुणास ठाऊक, तुझे बरोबर होते की माझे. ते मला अजूनही ठरवता येत नाही. केतकी पुढे काय करणार, बोर्ड विकायचे की नाही, यातले काहीच कालच्या दिवसाने सुटलेले नाही. तू असतास तर आज सकाळीच मी पुन्हा सुरुवात केली असती.

ती आली, धडधाकट. बक्षीस मिळाले नाही, तिला त्याचे काही नाही. शीड सोडून गुंडाळताना दाजीकाकांनी ती वरची कड दोन बोटांत धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "आता गोव्याक कधी जावचा?" म्हणजे आणखी एक शर्यत. म्हणजे परत वाळू, परत दोरी.

आचऱ्याला परतताना केतकी माझ्या शेजारी बसली होती, केस मिठाने ताठ झालेले. माझा हात हातात घेऊन दोरीचे वळ बघत होती. तोंडवळीच्या वळणावर तिने विचारले, "आये, भियालंस काय गो?"

"नाय गो बाय," मी म्हटले. "भिवचा काय आसा तेतूर?"

तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि डोळे मिटून घेतले. तिला खरे वाटले, दादा. मला तुझे वाटायचे तसेच.